वाट बघावी, पण खोळंबू नये

आपल्या मराठीत थांबण्यासाठी किती शब्द आहेत पाहा. वाट बघणं, ताटकळणं, तिष्ठणं, रखडणं, खोळंबणं. कोशात हे शब्द एकमेकांच्या अंगाला अंग लावून बसतात, पण बोलताना आपण त्यांची गल्लत करत नाही. मुलगा संध्याकाळच्या एसटीनं येणार म्हणून आई वाट बघते, तेव्हा तिचे हात भाकरी थापत असतात. तिची वाट बघणं चालू असतं आणि घरही चालू असतं. खोळंबलेल्या माणसाचं मात्र सगळंच थांबतं. शिवाय तो एकटा कधीच खोळंबत नाही, त्याच्या मागचेही खोळंबतात.

हा फरक मला या वयात नव्यानं कळला तो एका संगणकाच्या प्रोग्रॅममुळे. हसू नका, सांगतो.

माझी नात बीसीए करते. तिला कॉलेजात प्रोजेक्ट करायचा होता. तालुक्यातल्या एका जुन्या शाळेनं आपल्या प्रवेश-निर्गम रजिस्टरांच्या पानांचे फोटो काढून घेतले होते. ती पानं नावानं, गावानं, जन्मतारखेनं शोधता यावीत असा प्रोग्रॅम तिनं करायला घेतला. जुनी अक्षरं लावायला मी सोबत. आमच्या मराठवाड्यात शाळेच्या रजिस्टराला काय मोल आहे ते इथल्या माणसाला सांगायला नको. जन्माची नोंद ग्रामपंचायतीत सापडेलच असं नाही. मग आधारवरची तारीख दुरुस्त करायची असो, निराधार योजनेचा अर्ज असो की जातीचा दाखला, माणूस शेवटी शाळेच्या दारात येतो. साठ वर्षांपूर्वी एखाद्या गुरुजींनी बोरूनं लिहिलेली ती एक ओळ त्याला हवी असते.

पहिला प्रोग्रॅम तयार झाला आणि कारकुनाच्या टेबलावर बसला. नाव टाकायचं, 'शोधा'वर टिचकी मारायची. आणि मग... काहीच नाही. पडदा पांढराफटक. माउस हलतो, पण बटण दाबलं तर दबत नाही. मिनिटभरानं, कधी दोन मिनिटांनी एकदम सगळं जागं व्हायचं आणि यादी दिसायची. तोवर कारकून हात बांधून बसलेला, आणि व्हरांड्यात आठ-दहा माणसं उभी.

मी म्हटलं, "मशीन जुनं दिसतंय." नात म्हणाली, "आजोबा, मशीन काहीच करत नाहीये. ते नुसतं थांबलंय."

तिनं समजावलं ते असं. रजिस्टरचा डेटाबेस शाळेत नाही, दूरच्या एका भाड्याच्या सर्व्हरवर आहे. प्रोग्रॅम तिकडे प्रश्न पाठवतो, फोटोंसकट उत्तर नेटवरून येतं. आपल्याकडचं नेट कसं चालतं ते तुम्ही जाणताच. तोपर्यंत प्रोग्रॅम त्या एकाच ओळीवर अडून बसतो. कळफलकाकडे बघत नाही, माउसकडे बघत नाही, 'रद्द करा' म्हटलेलंही ऐकत नाही.

हे अडून बसणं किती मोठं असतं त्याचा मी हिशेब करून पाहिला. सवय जात नाही. आजचा प्रोसेसर सेकंदाला शंभर कोटींहून जास्त ठोके देतो. शंभर कोटीच धरू, आणि त्याचा एक ठोका म्हणजे आपला एक सेकंद समजू. मग डेटाबेसचं उत्तर यायला खरा एक सेकंद लागला, तर त्याच्या हिशेबानं जवळजवळ बत्तीस वर्षं झाली. एका शिक्षकाची अख्खी नोकरी! प्रश्न विचारला आणि निवृत्तीच्या दिवशी उत्तर आलं. तोवर हा बाबा फळ्याकडे तोंड करून उभा.

यावरचा उपाय काय, तर असिंक्रोनस क्वेरी. शब्द अवघड आहे, पण फोड केली तर सोपा. ग्रीकमध्ये 'सिन' म्हणजे सोबत, 'क्रोनॉस' म्हणजे काळ, आणि आधीचा 'अ' आपल्यासारखाच नकाराचा. विचारणं आणि उत्तर मिळणं एकाच काळात बांधलेलं नाही असं. मराठीत असमकालिक म्हणू. प्रश्न पाठवायचा, आणि उत्तर येईपर्यंत आपण दुसऱ्या कामाला लागायचं.

नात हे सांगत होती आणि माझ्या डोळ्यांपुढे एकशिक्षकी शाळा उभी राहिली. १९७५ च्या सुमारास मी अशा शाळेत होतो. (हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं. वेगळा जिल्हा १ मे १९९९ ला झाला.) एक खोली, चार वर्ग, शिक्षक एक. पहिलीला पाटीवर बाराखडी गिरवायला सांगायची, दुसरीला पाढे, तिसरीला शुद्धलेखन, चौथीला भागाकार. पहिलीची बाराखडी पुरी होईपर्यंत मी तिथंच उभा राहिलो असतो तर उरलेल्या तीन वर्गांनी कौलं उतरवली असती. म्हणून मी कुठंच उभा राहायचो नाही. काम देऊन पुढं व्हायचं. मग कुठून तरी आवाज यायचा, "गुरुजी, झालं!" पाटी बघायची, चूक असेल तर खूण करायची, पुढचं काम द्यायचं, की दुसऱ्या कोपऱ्यातून हाक. दिवसभर हेच.

याला म्हणे इव्हेंट लूप म्हणतात. घटना घडली की तिच्यापुरतं छोटं काम करायचं आणि पुन्हा कान उघडे ठेवायचे. टिचकी मारली ही घटना, कळ दाबली ही घटना, डेटाबेसचं उत्तर आलं हीसुद्धा घटनाच. "गुरुजी, झालं!"

या पद्धतीचे दोन नियम मी नातीच्या आधीच तिला सांगितले. ती चकित झाली. पहिला नियम असा की याने कुठलंही मूल लवकर लिहायला लागत नाही. बाराखडीला लागायचा तेवढाच वेळ लागतो. डेटाबेसही तेवढाच वेळ घेणार. वाचतो तो फक्त बाकीच्यांचा खोळंबा. दुसरा नियम, गुरुजींनी स्वतः लांबण लावायची नाही. चौथीला अफझलखानाची गोष्ट रंगवून सांगायला बसलं की पहिलीतल्या दहा पाट्या वर धरलेल्या राहतात. प्रोग्रॅमचंही तसंच आहे. डेटाबेसचं थांबणं टाळलं, पण आलेली हजार पानं स्वतःच एका दमात चाळत बसला, तर पडदा पुन्हा पांढरा.

दुसरा मार्ग नाही का? आहे. प्रत्येक वर्गाला स्वतंत्र शिक्षक द्या. संगणकात त्याला थ्रेड म्हणतात, आणि पुष्कळ कामांना तोच मार्ग बरा असतो. पण त्याचाही खर्च असतो. आषाढी करून परतणारे वारकरी परतवारीला आमच्या नरसीत येतात, कयाधूचा काठ माणसांनी भरून जातो. त्या दिवशी दर वारकऱ्यामागे एक स्वयंसेवक नेमायचं ठरवलं तर स्वयंसेवकांच्याच गर्दीनं वाट बंद होईल. १९९९ मध्ये डॅन केगेल नावाच्या अमेरिकी प्रोग्रॅमरनं नेमका हा प्रश्न मांडला होता, की एका सर्व्हरनं एकाच वेळी दहा हजार जणांना कसं सांभाळावं. त्याला 'सी-टेन-के' असं नाव पडलं. रशियातल्या इगोर सिसोएव यांचा एनजिनएक्स हा सर्व्हर २००४ मध्ये लोकांपुढे आला तो मोजक्या कामगारांत पुष्कळांना सांभाळणारा. आणि २००९ मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत रायन डाल या तरुणानं नोड-जेएस दाखवलं, तेव्हा त्याने सुरुवातच डेटाबेसच्या एका ओळीपासून केली होती. ही ओळ चालू असताना तुमचा प्रोग्रॅम काय करत असतो, असा त्याचा सवाल होता. बहुतेक वेळा उत्तर एकच, नुसता बसलेला असतो. आमच्या कारकुनासारखा.

आता उत्तर नंतर येणार, तर ते कुणाच्या हाती द्यायचं आणि आल्यावर काय करायचं, हे आधीच सांगून ठेवायला हवं. माझ्या वयाच्या वाचकांना जोडकार्ड आठवत असेल. दोन पोस्टकार्डं एकमेकांना जोडलेली. एकावर आपण मजकूर लिहायचा, दुसऱ्यावर आपलाच पत्ता घालून कोरं सोडायचं. समोरच्यानं फक्त उत्तर लिहून पेटीत टाकायचं. प्रोग्रॅममधलं जोडकार्ड म्हणजे कॉलबॅक. प्रश्नासोबतच 'उत्तर आलं की हे कर' असं लिहून दिलेलं. पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये तर ही विभागणी उघडच दिसते. प्रश्न पाठवणारी आज्ञा वेगळी, 'आलं का रे उत्तर?' विचारणारी वेगळी, आणि उत्तर उचलून घेणारी वेगळी.

पंचाईत अशी, की एका उत्तरातून दुसरा प्रश्न निघतो, त्यातून तिसरा. नावावरून पान, पानावरून फोटो, फोटोवरून निर्गमाची नोंद. जोडकार्डाच्या पोटात जोडकार्ड, त्याच्या पोटात आणखी एक. लिहिणाऱ्यालाच उलगडेनासं होतं. म्हणून जावास्क्रिप्ट भाषेत २०१५ मध्ये 'प्रॉमिस' आणि २०१७ मध्ये 'असिंक-अवेट' आलं. आता ओळी सरळ एकाखाली एक लिहिता येतात. 'अवेट' हा शब्द आला की प्रोग्रॅम ते काम हातातून खाली ठेवतो, इतर हाकांना ओ देतो, आणि उत्तर आलं की तिथूनच पुन्हा उचलतो. वाचायला अगदी थांबल्यासारखं, पण थांबलेलं काहीच नाही.

नातीनं प्रोग्रॅम असा बदलला. पडदा पांढरा होणं बंद झालं. कारकून एकाचं शोधायला टाकून दुसऱ्याचं नाव विचारू लागला. व्हरांड्यातली गर्दी निम्मी झाली. सगळे खूश.

आठवडाभरात एक प्रकार घडला.

एक म्हातारे गृहस्थ आले. नाव थोडं वेगळं लागलं असेल म्हणून जन्मतारखेनं शोधा म्हणाले. तारीख १ जून. आता १ जूनचं गुपित महाराष्ट्रात कुणाला माहीत नाही? जून महिन्यात शाळा, नाव घालायला आलेल्या बापाला तारीख ठाऊक नाही, गुरुजी वयाचा अंदाज घेऊन १ जून टाकून मोकळे. अर्ध्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी! तर त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे फोटोंचा ढीग. ते यायला वेळ लागणार, म्हणून कारकुनानं पुढच्या बाईंचं काम घेतलं. त्यांच्याकडे जुन्या दाखल्याचा रजिस्टर नंबर होता. एकच नोंद, झटकन आली. पडद्यावर बाईंचं नाव, खाली त्यांचं पान. कारकून छापायचं बटण दाबायला गेला, आणि तेवढ्यात म्हाताऱ्यांचं उत्तर येऊन पोचलं. त्या प्रोग्रॅमला उत्तर दाखवायची जागा एकच ठाऊक होती. त्यानं बाईंच्या नावाखाली म्हाताऱ्यांच्या यादीतलं पहिलं पान आणून ठेवलं. छापून निघालं ते हे.

बाईंना वाचता येत नव्हतं. सोबतच्या मुलानं कागद पाहिला आणि म्हणाला, "हे आमचं नाही की ओ. बापाचं नाव दुसरंच आहे." म्हणून निभावलं. कारकून मूळ रजिस्टरशी ताडून पाहतोच, ते खरं. पण दुपारी चारला, चाळिसावा कागद हातात असताना, किती ताडून पाहिलं जातं हे नोकरी केलेल्याला सांगायला नको.

या प्रकारानं मला विचारात पाडलं. जुना प्रोग्रॅम मठ्ठ होता, पण त्याच्याकडून ही अदलाबदल झालीच नसती. तो एकाचं उत्तर आल्याशिवाय दुसऱ्याकडे बघतच नव्हता. रांगेचा क्रम हीच त्याची आठवण होती. खोळंबणं सोडलं की आठवण ठेवणं अंगावर येतं. 'अवेट' म्हणून काम खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं, पण मधल्या काळात जग तेच राहिलं असं धरून चालता येत नाही. समोरचा माणूस बदललेला असतो. गिरणीवाला पंधरा डबे रांगेत लावून घेतो, पण प्रत्येक डब्यात चिठ्ठी असते म्हणून ज्वारीच्या मालकाला ज्वारी मिळते. चिठ्ठीशिवाय नुसती चपळाई काय कामाची?

नातीनं दर प्रश्नाला नंबर दिला. उत्तर आलं की आधी नंबर बघायचा आणि ज्याचं त्याच्या रकान्यात टाकायचं. पडद्याच्या डाव्या बाजूला आता नावांची यादी असते आणि प्रत्येकापुढे 'शोध चालू', 'सापडलं' किंवा 'सापडलं नाही'.

इथं मला संपवता आलं असतं. पण खरी गोष्ट पुढं आहे.

पावसाळ्यातल्या एका दिवशी एका तांड्यावरचा माणूस आला. पन्नाशीचा असेल. चौथीपर्यंत इथंच शिकलो म्हणाला. नाव टाकलं. थोड्या वेळानं त्याच्यापुढे 'सापडलं नाही' आलं. कारकुनानं तसं सांगितलं. तो काही बोलला नाही. कागद पिशवीत घातले आणि स्टँडकडे निघाला. नात त्या दिवशी शाळेतच होती. तिच्या लक्षात आलं की नेट मघापासून तुटलेलं आहे. प्रश्न सर्व्हरपर्यंत पोचलाच नव्हता! रिकामी यादी परत आली, आणि प्रोग्रॅमनं रिकाम्या यादीचा अर्थ 'नोंद नाही' असा घेतला. शिपायाला सायकलवर पिटाळलं. बस लागायच्या आत तो सापडला. नेट आल्यावर नोंदही सापडली, तिसऱ्या रजिस्टरात, स्वच्छ अक्षरात.

समोरासमोर विचारलं आणि उत्तर मिळालं नाही तर ते लगेच कळतं. खोळंबलेला प्रोग्रॅम निदान पांढरा पडून सांगतो तरी की काहीतरी बिघडलं आहे. असमकालिक कामात अपयश मागाहून येतं, आणि ते घ्यायला कुणी नेमलेलं नसेल तर ते कुठंतरी गळून पडतं. बाहेरून सगळं सुरळीत दिसतं. म्हणून ही मंडळी प्रत्येक प्रश्नाला मुदत घालतात. इतक्या सेकंदांत उत्तर आलं नाही तर 'आलं नाही' असं धरायचं, आणि ते 'नाही'पासून वेगळं ठेवायचं. नातीनं चौथा शेरा घातला, 'विचारता आलं नाही, पुन्हा विचारा'. तो लाल रंगात येतो.

"तुमचं नाव नाही" आणि "आम्हाला विचारता आलं नाही" या दोन वाक्यांतलं अंतर प्रोग्रॅममध्ये दोन-तीन ओळींचं आहे. पण पहिलं वाक्य ऐकून गेलेला माणूस बहुधा परत येत नाही. तो स्वतःलाच समजावतो की आपण शाळेत होतो हे आपल्यालाच चुकीचं आठवत असेल. मोठ्या कचेरीतून परतलेली अशी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांना नकार मिळालेला नव्हता. त्यांचा प्रश्न कुठंतरी वाटेत राहिला होता, एवढंच.

माझ्या पिढीला वाट बघायची तक्रार नाही. आम्ही पावसाची वाट बघितली, निकालाची बघितली, जोडकार्डाच्या उरलेल्या अर्ध्याची बघितली. प्रश्न पोचला आहे, त्यावर आपलं नाव आहे आणि काहीतरी उत्तर नक्की येणार आहे, एवढी खात्री असेल तर माणूस निवांत वाट बघतो. मधल्या वेळात बाजार करतो, चहा घेतो. ती खात्री नसली की तो जागा सोडत नाही. मग आपण म्हणतो, लोकांना शिस्त नाही, रांग मोडतात.

असो. शाळेत आता उत्तर आलं की मोबाइलवर मेसेज जावा असं नातीच्या मनात आहे. चांगलंच आहे. पण येणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना मेसेज वाचता येत नाही, त्यांच्यासाठी काय करायचं असं मी विचारलं. सध्या तरी यादीत 'सापडलं' आलं की शिपाई व्हरांड्यात जातो आणि पूर्ण नाव घेऊन हाक मारतो. बापाच्या नावासकट.